बाहेर सापडलेले विकर

विषय : प्राण्यांच्या पेशीत अमिनो आम्लांवर काम करणारी विकरे नेमकी कोठे राहतात, याबाबत.
संदर्भ : एका शिष्याची घाई.

उपरोक्त विषयी निवेदन की, एक वृद्ध आचार्य परभणीस शेळीच्या यकृतावर संशोधन करीत असत. विकर, म्हणजे एन्झाइम, हा पेशीतला कारागीर. पेशीत पातळ द्रव असतो आणि त्या द्रवात तंतुकणिका नावाच्या बंद खोल्या. कोणता कारागीर खोलीत बसतो आणि कोणता अंगणात, एवढे शोधण्यात आचार्यांचे केस पांढरे झाले. शासनापुढे याहून मोठे प्रश्न असल्याने त्यांना कोणी त्रास दिला नाही.

त्यांच्या शिष्याची पत्नी देवरुखला शिक्षिका होती. तिचा परभणीस बदलीचा अर्ज, पती-पत्नी एकत्रीकरणाखाली, विचाराधीन होता. विचार दीर्घ चालला होता. त्यामुळे प्रबंध उरकून आपणच तिकडे जावे, असे शिष्याने ठरवले.

एका दुपारी तो धावत आला. "सर, सापडलं! आपलं विकर खोलीत नाहीच, सगळं बाहेरच्या द्रवात आहे. आता लिहून टाकतो. गणपतीला घरी!"

आचार्यांनी अभिनंदन केले नाही. त्यांनी तोच द्रव घेतला आणि त्यात भलतेच विकर तपासायला सुरुवात केली.

"सर, हे कशाला? हे खोली सोडत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक आहे."

"म्हणूनच."

तेही बाहेरच सापडले. भरपूर. शिष्य स्टुलावर बसला.

"जन्मात उंबरठा न ओलांडलेला माणूस अंगणात दिसला, तर अंगण त्याचा पत्ता नव्हे," आचार्य म्हणाले. "घर फुटलंय. यकृत घोटताना तू दांडा जोरात फिरवलास, भोवतीचा बर्फ वितळू दिलास. हात इथे होता, बाकीचा तू देवरुखला."

"बाकीचा मी तिथेच असतो, सर. मग माझा पत्ता कोणता लिहू?"

आचार्य म्हणाले, "युरिया कसा बनतो, आठव. निम्मं काम खोलीत, निम्मं बाहेर. ऑर्निथिन नावाचं अमिनो आम्ल आत जातं, तिथं सिट्रुलिन होऊन बाहेर येतं, बाहेर पुन्हा ऑर्निथिन होऊन आत परततं. जन्मभर ये-जा. भिंती पाडल्या तर सगळे एकत्र येतील. पण ते यकृत नसेल, चटणी असेल."

"त्यांना भिंतीत दार तरी आहे, सर."

"आहे खरं," आचार्य हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या अर्जाला ते सापडायचंय."

शिष्याने देवरुखला फोन केला. यकृत पुन्हा घोटावं लागेल, गणपतीला जमणार नाही, म्हणाला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "मग नीट घोटा तरी."

त्याने ताजा बर्फ आणला. दांडा सावकाश फिरवला. संध्याकाळची गाडी हॉर्न देऊन गेली तेव्हाही हाताची गती बदलली नाही. विकर खोलीतच सापडले.

पत्नीचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.