फडतऱ्याची दुपारची झोप

एका तालुक्याच्या गावात फडतरे नावाचा घरांचा एक दलाल होता. कुणाला घर विकायचं असलं की चकचकीत फाईल काखोटीला मारून फडतरे हजर. फाईलमध्ये घराची तारीफ आधीच छापलेली असे, फक्त मालकाचं नाव बदलायचं. ‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं,’ असं तो म्हणे. पण बोलून बोलून बिचाऱ्याचा घसा बसला, आणि गावात दलाल झाले पैशाला पासरी. आता एखादं चांगलं घर हाती आलं नाही, तर दुकानाला टाळं लावून मेहुण्याच्या हाताखाली राबावं लागणार होतं. नुसत्या विचारानेच तो थकून जाई.

एके दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका सुलोचनाबाई शेंडे यांनी त्याला बोलावलं. गुडघ्यांनी दावा मांडल्यामुळे त्यांना वरच्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावर जायचं होतं. आधी बरेच दलाल येऊन गेले होते. भर उन्हातून आलेला फडतरे जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसला.

“सरबत आणते, तोवर जरा टेका,” बाई म्हणाल्या.

फडतरे टेकला. खिडकीतून गार वारा येत होता. फाईल मांडीवर तशीच ठेवून तो ढाराढूर झोपला.

उन्हं कलल्यावर भिंत थरथरली आणि तो दचकून जागा झाला. खाली पिठाची गिरणी सुरू झाली होती. बाई समोर बसून होत्या. फडतऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बोला आता,” बाई म्हणाल्या.

त्याने फाईल उघडली. पहिलीच ओळ होती, ‘अत्यंत शांत परिसर’. खाली गिरणी घरघरत होती. ती ओळ त्याने आजवर प्रत्येक घरात वाचली होती. आज मात्र ती त्याच्या तोंडातून फुटेना. त्याने फाईल मिटली.

“बाई, खरं सांगतो. पंखा न लावता झोप लागावी असं तुमचं घर हवेशीर आहे. पण गिरणीने भिंत हादरते. गिऱ्हाइकाला मी दोन्ही सांगणार, आणि गिरणी चालू असतानाच घेऊन येणार. पटत नसेल तर दुसऱ्याला काम द्या.”

बाईंनी घराची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली.

“आधीच्यांनी इतकं कौतुक केलं, की ते दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल बोलताहेत असं वाटलं मला. इतकी वर्षं मी ही घरघर ऐकतेय, पण एकानेही गिरणीचं नाव काढलं नाही. किल्ली तुम्हीच ठेवा.”

दोन गिऱ्हाइकं गिरणी ऐकून परत फिरली. तिसऱ्याने गिरणी ऐकली, वारा अंगावर घेतला आणि घर घेतलं. फडतऱ्याच्या दुकानाला टाळं लागलं नाही. फाईल मात्र तो त्या दुपारी तिथेच विसरला होता. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून बाईंनी ती फटीत सारून ठेवली.

तात्पर्य: न पाहिलेल्या घराची तारीफ करणाऱ्यापेक्षा पाहिलेल्या घराचा दोष सांगणाऱ्यावर माणसं विश्वास टाकतात, आणि खरं बोलायला दमही कमी लागतो.