येतो म्हणून गेलेला तांबट

एकदा एक तांबट 'येतो' म्हणाला आणि गेला. यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. आपण सगळे रोज तेच करतो! दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून 'जातो' म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा, मी लिहिणं सोडून देईन. 'जातो' म्हणणं अशुभ. म्हणून आपण 'येतो' म्हणतो आणि चालू लागतो. या तांबटाने तेच परमुलखात जाऊन केलं, आणि तिथे त्याचं घोडं अडलं.

त्याचं नाव त्र्यंबक. वय तिशीचं, बोलणं गोड. त्याच्या आळीत अकरा भट्ट्या होत्या, पण तांब्याच्या भांड्यांना गावात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. म्हणून आळीने त्याला उत्तरेच्या डोंगरांपलीकडे, एका दूरच्या खोऱ्यात धाडलं. त्र्यंबक तीन महिने खपून तिथली भाषा शिकला. पातेली हातोहात खपली. प्रत्येक घरातून निघताना त्याने आपला 'येतो' त्यांच्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून म्हटला, आणि लोकांनी आनंदाने माना डोलावल्या. शहाण्याला वाटलं, काय छाप पडली आपली!

तीन वर्षांनी तो पुन्हा त्या खोऱ्यात उतरला. खेचरांवर आळीची होती नव्हती ती सगळी पातेली लादलेली. बरोबर तांड्याचा मालक भिकाशेट, आणि त्र्यंबकाचे गुरू गंगारामबुवा. बुवा सत्तरी ओलांडलेले, त्याच आळीतले. त्र्यंबक विक्रीची विद्या शिकला ती त्यांच्याच हाताखाली. घाट चढताना म्हाताऱ्याला चारदा बसावं लागलं होतं. पण आळीने निक्षून सांगितलं होतं, हा माल खपला नाही तर भट्ट्या विझवायच्या. मग बुवा घरी कसे राहणार?

खोऱ्यात एक पातेलं खपेना. त्र्यंबक थाळी बडवत हिंडला, भाव उतरवला, तांब्याचे गुण गायला. हल्ली याला मार्केटिंग म्हणतात आणि त्यावर जाडजाड पुस्तकं निघतात. बायका त्याला पाहताच दारं लावून घेत. एका म्हातारीने तेवढं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याचंच जुनं पातेलं पालथं टांगलेलं होतं.

भिकाशेट म्हणाला, "उठा, पलीकडच्या खोऱ्यात चला. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. गोड बोलायचं, विकायचं आणि सुटायचं."

"मी नाही येत," बुवा म्हणाले.

"अहो बुवा, तांडा तुमच्यासाठी थांबायचा नाही!"

"नका थांबू. ज्याला अनोळखी माणसालाच माल विकता येतो, त्याचा माल चांगला नसतो, नुसतं तोंड चांगलं असतं. शेट, उभ्या जन्मात पळून गेलो नाही, आता या वयात काय शिकवता?"

खेचरं दमलेली होती, म्हणून शेटने नाइलाजाने दोन दिवस दिले. बुवा त्र्यंबकाला घेऊन थेट म्हातारीच्या दारात गेले. "विचार तिला, पातेलं पालथं का?"

त्र्यंबकाने विचारलं. म्हातारी उसळलीच. "तू येतो म्हणालास! पहिल्या वर्षी बर्फ वितळल्यावर आम्ही घाटाकडे डोळे लावून बसलो. दुसऱ्या वर्षी पातेल्यातलं सार हिरवं पडायला लागलं, माझी नातवंडं ओकली. दुसरा व्यापारी आला, त्याला परत लावला. म्हटलं, आमचा माणूस येतो म्हणालाय. तिसऱ्या वर्षी पातेलं पालथं घातलं. खोटं बोलणाऱ्याची वस्तू आम्ही पालथीच ठेवतो."

त्र्यंबकाचं तोंड उतरलं. पातेल्यांच्या आतली कथलाची कल्हई उडाली होती, त्यात अन्न कळकत होतं, आणि कल्हई करणारा त्या अख्ख्या खोऱ्यात कुणी नव्हता. "पण बुवा," तो म्हणाला, "ती तर आपली बोलायची रीत!"

"रीत तुझी, पण कान तिचे," बुवा म्हणाले. "बरं, यांच्या भाषेत 'जातो' कसं म्हणतात?"

त्र्यंबकाने सांगितलं. बुवांनी तो शब्द चारदा घोकला. मग तिच्याच अंगणात भट्टी लावली, कथील आणि नवसागर काढला, आणि घरोघरची पालथी पातेली मागून आणायला सांगितली. त्र्यंबक तोंड पाडून भाता मारत होता. बुवा पातेली चांदीसारखी लखलखीत करून ज्याची त्याला नेऊन देत. विकायची गोष्ट नाही. आणि उंबऱ्यावरून निघताना हात जोडून चक्क म्हणत, "जातो."

पहिल्या घरी त्र्यंबकाने त्यांची बाही ओढली. तिसऱ्या घरी त्याला राहवेना. "बुवा, पाया पडतो तुमच्या! हे काय अभद्र बोलता? त्यातून तुमचं वय हे असं!"

"म्हणूनच बोलतो." बुवा पायरीवर टेकले. "त्र्यंबका, मी हा घाट चढून पुन्हा इथे येणार नाही. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मग यांनीच का माझी वाट पाहायची? तू यांची भाषा शिकलास, पण ती बोलायला शिकलास. आपला शब्द यांच्या घरात जाऊन काय होतो, ते ऐकायला थांबला नाहीस. आपल्याकडे 'येतो' म्हणजे निरोप. इथे 'येतो' म्हणजे येतो! परमुलखात माल खेचरावरून जातो रे, पण आधी आपला शब्द जातो. तो आपल्या अर्थाने नाही, त्यांच्या अर्थाने पाळावा लागतो. नसेल पाळायचा, तर 'जातो' म्हणावं. अशुभ तर अशुभ! मला अशुभाची भीती नाही, पालथ्या पातेल्याची आहे."

पुढच्या पातेल्याला त्र्यंबकाने भाता जोर लावून मारला.

दुसऱ्या दिवशी शेवटचं घर म्हातारीचं. बुवांनी तिचं पातेलं उजळलं, तिने ते सुलटं करून फळीवर ठेवलं. नवं एकही घेतलं नाही. बुवा "जातो" म्हणाले, तेव्हा तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिने त्र्यंबकाकडे पाहिलं.

बाहेरून भिकाशेट ओरडला, "अरे चल! पलीकडचं खोरं गाठायचंय!"

त्र्यंबक बाहेर आला आणि शेटच्या खेचरांवरून आळीची पातेली उतरवू लागला. "शेट," तो म्हणाला, "मी जातो."

"जातो काय, मेल्या! येतो म्हण!"

"नाही म्हणणार. तुमच्या तांड्यात मी परत पाऊल ठेवणार नाही, म्हणून जातो."

सगळी पातेली त्याने ठेव म्हणून म्हातारीच्या अंगणात रचली, आणि तिच्यासमोर उभा राहून घाबरत घाबरत म्हणाला, "येतो."

"केव्हा?" तिने विचारलं. त्याला आजवर 'येतो' म्हटल्यावर हे कुणी विचारलं नव्हतं.

"बर्फ वितळल्यावर. पहिल्या पौर्णिमेला."

बुवांना घेऊन रिकाम्या हातांनी परतलेल्या त्र्यंबकाला आळीने वेड्यात काढलं. सख्खा भाऊ बोलेना. अकरापैकी नऊ भट्ट्या विझल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि बर्फ वितळायच्या सुमारास कथील-नवसागराची पिशवी खांद्यावर टाकून एकटा निघाला.

पौर्णिमेच्या सकाळी तो घाटमाथ्यावर पोचला. खाली वाटेवर सगळं खोरं उभं होतं. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या अंगणात एक पातेलं उरलं नाही, आणि पुढच्या वर्षीसाठी इतकी मागणी आली की अकराच्या अकरा भट्ट्या पेटवाव्या लागणार होत्या.

म्हातारी मात्र अजून घाटाकडे बघत होती. "तुझे म्हातारे?" तिने विचारलं.

"थंडीत गेले," त्र्यंबक म्हणाला.

"हो," म्हातारी म्हणाली. "ते मला सांगूनच गेले होते."