हौसाक्काचा काळानिळा हात

फार वर्षांपूर्वी, धामणदऱ्याला जायला नुसती पायवाट होती तेव्हा, त्या गावात हौसाक्का नावाची हाडं बसवणारी बाई राहायची. मोठी माणसंही तिच्याकडे यायची, पण तिचा सगळा जीव लेकरांत. मोठ्यांना ती सरळ सांगायची, "तुमाला तोंड हाय, जरा थांबा. आधी पोरांचं बघू द्या."

पोर रडत आलं की आक्का जमिनीवर बसायची, पोराच्याही खाली. मग डावा हात कोपरापर्यंत उघडा करून पुढे धरायची. "जेवढं दुखतंय, तेवढं मला चिमट." पोरं चिमटायची, आणि कशी! एका बहाद्दराने तर दातच लावले. त्या चिमट्यावरून आक्का मुका मार कुठला आणि मोडलेलं हाड कुठलं ते ओळखायची. दुखणं भारी असलं तर लगेच ओढाताण करायची नाही. आधी दुखरा हात उशीवर टेकवून बांबूच्या कामट्यांनी हलकाच बांधायची, पोराला आईच्या मांडीवर द्यायची, तोंडात गुळाचा खडा घालायची आणि कोल्ह्याची गोष्ट सुरू करायची. कोल्हा विहिरीत डोकावेपर्यंत हाड जागेवर बसलेलं असायचं. त्या कोल्ह्याचं शेवटी काय झालं, हे धामणदऱ्यात आजही कुणाला ठाऊक नाही.

असं म्हणतात, पोरांचं अर्धं दुखणं त्या चिमट्यातून आक्काच्या हातात उतरायचं. तो हात कायम काळानिळा असायचा आणि आक्का तो कौतुकाने मिरवायची.

एका वर्षी केरबा धनगराची सारजा आली. आठेक वर्षांची पोर. आई बाळंतीण, म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊन ही ओढ्यावर गेली आणि शेवाळावरून घसरली. भावाला तिने वरच्या वर धरलं आणि स्वतः कोपरावर पडली. आक्काने हात पुढे केला. सारजाने दोन बोटांनी हळूच चिमटा काढला, एवढा हळू की आक्काला हसू आलं. "मुरगळलाय गं नुसता," म्हणाली. लेप लावला आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केरबा धापा टाकत आला. "आक्का, सारजी जेवत न्हाई, बोलत न्हाई. पर रडत बी न्हाई. गप बसलीया."

"गप?" आक्का म्हणाली, आणि उठलीच. ती तशीच अनवाणी धावली. असं म्हणतात, केरबाच्या घराची चढण तिने अशी पार केली की वाटेतल्या मेंढरांनाही कुणी गेल्याचं कळलं नाही.

सारजा भिंतीला टेकून बसली होती. कोपर सुजून टम्म झालं होतं आणि बोटं गार पडली होती. आक्काने ओळखलं, आता उशीर झाला तर हा हात जाणार. शेजारची बाई चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होती. आक्काने त्यातला गोळा उचलला आणि पोरीच्या चांगल्या हातात दिला.

"ह्येला दाब. पिठाला दुखत न्हाई बाई. जेवढं दुखतंय तेवढं दाब."

सारजाने मूठ आवळली. पीठ बोटांच्या फटींतून बाहेर आलं, तरी ती आवळतच राहिली.

"मग काल मला का न्हाई गं एवढं चिमटलंस?"

"तुमचा हात आदीच निळा हुता, आक्का."

हौसाक्का तिथेच सगळ्यांसमोर रडली. मग तिने डोळे पुसले, सारजाला बापाच्या मांडीवर दिलं, गूळ दिला आणि विचारलं, "ओढू का?" पोर हो म्हणेपर्यंत थांबली. त्या दिवशी कोल्हा विहिरीत उतरला, आत पोहला, त्याने मासे खाल्ले, तेव्हा कुठे सारजाची बोटं पुन्हा कोमट झाली. आणि मुठीतला गोळा? असं म्हणतात, तो दगडासारखा घट्ट झाला. सारजाचं सगळं दुखणं त्यात उतरलं होतं. देवळामागे पाच बोटं उमटलेला एक दगड आहे, तो तोच.

त्यानंतर आक्काने पोरांपुढे आपला हात कधी धरला नाही. पिठाचा गोळा धरायची.

आता धामणदऱ्याला डांबरी रस्ता झाला, दवाखाना झाला. तिथल्या नर्सबाई टेबलावर भिजवलेलं पीठ ठेवतात आणि सुई टोचण्याआधी पोराची मूठ बघतात. आणि दवाखान्याच्या ओट्यावर पोरांची रांग लागली की जी गळा काढून रडतायत त्यांना जरा थांबायला सांगतात. कोपऱ्यात जे लेकरू मुकाट बसलेलं असतं, त्याला आधी आत घेतात. नव्या माणसाने कुरकुर केली, तर रांगेतलंच कुणीतरी म्हणतं, "आक्काची पाळी हाय ती. जाऊ द्या त्येला."