खुर्चीतल्या संन्याशाचे पाच हजार वाचक

चूक माजी आमदार अण्णासाहेब तौरांचीच. ‘खुर्चीतला संन्यासी’ या आपल्याच पुस्तकावर त्यांनी ऑनलाइन ज्ञानकोशात स्वतःच लेख चढवला : ‘पाच हजार वाचकांनी डोक्यावर घेतलेला राजकीय ग्रंथ’. तो दाखवून त्यांना साहित्य मंडळाचं अध्यक्षपद लाटायचं होतं. आम्ही फुकट राबणाऱ्या संपादकांनी पुरावा मागितला, तर म्हातारा थेट आमच्या बैठकीत येऊन गरजला, “कॉलेज सोडलेली कार्टी माझा ग्रंथ तपासणार?”

आमच्यातली शबाना शांतपणे म्हणाली, “अण्णा, ग्रंथालयातल्या चारही प्रती पाहिल्या. साठ ते शंभर क्रमांकाची पानं कोरी आहेत. पाच हजारांत एकानंही तक्रार केली नाही?”

“कोरी?” अण्णांनी घाईघाईनं पिशवीतली स्वतःची प्रत उघडली. तिच्यातही ती पानं कोरीच.

लेख उडाला. अध्यक्षपद दुसऱ्याला मिळालं.