भागोजीची पालकशाळा

५ जानेवारी, सोमवार. सकाळी दाट धुकं, दहानंतर ऊन.

आमच्या गावात भागोजी नावाचा एक भोळा सुतार होता. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मापात तो सूतभरही फरक करत नसे. त्याची पाच वर्षांची मंजू बालवाडीत पोरांना मारायची. म्हणून तिथल्या समुपदेशक लीलाबाईंनी दर सोमवारी पालकांना शिकवायला घेतलं. भागोजीची बायको सुलभा अकरा वेळा गेली. कुणी दखल घेतली नाही. मग लीलाबाई म्हणाल्या, "आता वडिलांनी यायचं. पोर सुधारली नाही, तर बालवाडीचे प्रमुख कदम गुरुजी तिचं नाव पटावरून काढतील."

भागोजी त्या सोमवारी पहिल्यांदा गेला. गावभर झालं, "बाप असावा तर असा!"

बाईंनी सांगितलं, "मूल रडायला लागलं की लक्ष देऊ नका. पाठ फिरवा."

मंगळवारी मंजूला गांधीलमाशी चावली. ती किंचाळत आली. भागोजी पाठ फिरवून रंधा मारत बसला.

"अहो, गाल सुजलाय तिचा!" सुलभा ओरडली.

"बघू नको. बघितलं की वाढतं."

१२ तारखेला बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते हट्टाला! दुखलं तर जवळ घ्यायचं. शूर आहेस म्हणायचं."

बुधवारी मंजूनं शेजारच्या बंडूच्या डोक्यात पाटी घातली. घालताना तिचं बोट दुखलं. भागोजीनं तिला जवळ घेतलं. "शूर गं माझी बाय!"

"आणि माझ्या पोराच्या टेंगळाचं काय?" बंडूची आई कडाडली.

"त्याला तुम्ही जवळ घ्या, वहिनी. ज्याचं त्यानं."

१९ तारखेला बाई एकेक शब्द सावकाश बोलल्या. "जो मारेल, त्याला कोपऱ्यात बसवायचं. जितकं वय, तितकी मिनिटं. मध्ये बोलायचं नाही." भागोजीनं लिहून घेतलं.

शुक्रवारी कदम गुरुजी निकाल द्यायला घरी आले. मंजूनं चार दिवसांत कुणाला हात लावला नव्हता. गुरुजी खूश झाले. "शहाणी झालीस की!" म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

भागोजी उठला. "गुरुजी, वय किती आपलं?"

"सत्तावन्न. का?"

भागोजीनं त्यांना दंडाला धरून कोपऱ्यात बसवलं. दाराला कडी घातली.

"अहो, सोडा त्यांना! पोरीचं नाव जाईल!" सुलभा रडकुंडीला आली.

भागोजीनं ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे दाखवलं.

गुरुजी पाच वाजून सात मिनिटांनी बसले. सहा वाजून चार मिनिटांनी उठले. मंजूचं नाव सहा वाजून पाच मिनिटांनी निघालं.