मागे राहिलेल्या मेंढ्या

टक्... टक् टक्... टक्. लंगड्या खुरांचा हा आवाज एका म्हाताऱ्या धनगराने फार वर्षांपूर्वी, कुण्या एका राज्यातल्या नदीकाठी ऐकला, आणि मग तो त्याच्या कानातून कधी गेलाच नाही.

त्या साली मेंढ्यांचे खूर सडू लागले होते. डोंगराअलीकडचं गवत संपत आलं होतं. महिनाभरात कळपाला डोंगर ओलांडायचा होता, आणि जी लंगडी मागे राहील ती लांडग्यांची.

नदीकाठच्या खडकावर एक वैद्य बसे. जी मेंढी त्याच्यापर्यंत येई तिच्या खुरांना तो लेप लावी. लेप लावलेल्या बहुतेक बऱ्या होत, म्हणून सगळं रान त्याचं नाव घेई.

धनगर मात्र ऐकत राही. घंटेवाली मेंढी आधी पोचे, तिच्यामागे धडधाकट. टक् टक् करणाऱ्या वाटेतच बसत.

"वैद्यबुवा," तो हळूच म्हणाला, "तुमच्यापाशी येतात त्या मुळातच कमी आजारी. मग गुण लेपाचा की त्यांच्या पायांचा?"

"मेंढरं राखणारा मला वैद्यकी शिकवणार," वैद्य हसला. "कर पारख. निवाडा मीच करीन."

धनगराच्या बायकोची आई सडके खूर मिठाच्या पाण्याने धूत असे. तेव्हा ठरलं: मेंढवाड्याच्या दारातून चाळीस लंगड्या एकेक करून सोडायच्या. एकीला लेप, पुढचीला मिठाचं पाणी. लेपवालीच्या कानात आतून गेरूचा ठिपका, वरून दिसणार नाही असा, म्हणजे निवाडा करताना वैद्याला कोणती कुठली ते कळणार नाही.

मध्येच त्याची लाडकी पांढरी दारात आली. एकदा पुरातून कळपाला तिनेच बाहेर काढलं होतं. पाळी पाण्याची होती. धनगराचा हात लेपाकडे वळला.

"रांग मोडू नका, धनी," बायको म्हणाली. "लाडकी निवडलीत, की आपली पारखही लंगडीच."

त्याने डोळे मिटून पाणी ओतलं.

दहाव्या दिवशी वैद्याने आपल्या हाताने बऱ्या झालेल्या मेंढ्या वेगळ्या काढल्या. तेवीस निघाल्या, आणि त्यांत पांढरीही ताठ उभी. सगळं रान गोळा झालं. वैद्यच एकेक कान उलटू लागला. कोरा. ठिपका. कोरा. कोरा. पुन्हा कोरा. माणसं टाचा उंचावून बघू लागली.

ठिपके सातच निघाले. सोळा कान कोरे.

कोपऱ्यात उरलेल्या सतरा जणी अजून टक् टक् करत होत्या. डोंगर ओलांडायला अजून वेळ होता. वैद्याने लेपाचं मडकं उपडं केलं, धुतलं, त्यात मिठाचं पाणी भरलं आणि तो त्यांच्याकडे चालत गेला.

औषधाची पारख पुढे आलेल्यांवरून होत नाही, मागे राहिलेल्यांनाही मोजावं लागतं.