ओल्या पंच्याची साक्ष

घटाघटांत समभावे नांदणाऱ्या पांडुरंगास प्रथम वंदन.

फार दिवसांपूर्वी वैजयंती नावाची एक खेळाडू पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीचा सराव करीत असे. तिच्या दोन सायकली होत्या. एक रस्त्यावर धावे, दुसरी खोलीत जागच्या जागी फिरे. तिच्या पायांचे बळ रस्त्यावर दोनशे वॅट भरे, खोलीत जीव ओतूनही एकशे ऐंशीच. वैजयंती वैतागून म्हणाली, “ही खोटे मोजते. उद्या विकून टाकते.”

ती जाताच रस्त्याची सायकल हसली. “बाई गं, बसल्या जागी कोणाचे बळ वाढले आहे?”

खोलीतली सायकल हळूच म्हणाली, “ताई, मला मिळाले तेवढेच मी दाखवले.”

तिच्या हँडलवर टाकलेला पंचा बोलला, “रस्त्यावर मालकिणीचा घाम वारा पुसतो. इथे मी एकटा पुसतो.”

सकाळी वैजयंतीने पंचा उचलला, तो अजून ओलाचिंब होता. पिळताच फरशीवर थारोळे साचले. वाऱ्यावाचून अंग तापते आणि बळ घटते, हे तिला उमगले. मग तिने खिडकी उघडली, पंखा समोर ठेवला आणि पुन्हा पायडल मारले. एकशे नव्वद भरले. उरलेल्या दहांसाठी तिने सायकलीला दोष दिला नाही. भिंतीवर खडूने रस्त्याच्या बळाचा आकडा वेगळा आणि खोलीतला वेगळा लिहिला. सायकल घरातच राहिली.

ऐकणाऱ्या सर्वांच्या घरी वारा खेळता राहो, आणि कोणाचाही घाम नजरेआड न होवो.